तारीख न बदलता

माझ्या मामांना निवृत्ती मानवली नाही, आणि त्याची शिक्षा मला झाली. सौंसरला शाळेत मास्तर होते तोवर बरं होतं. पोरांवर ओरडायचे आणि घरी येऊन शांत बसायचे. निवृत्त झाले आणि समाजाच्या वधू-वर मंडळाचे सचिव झाले. दोन-तीन वर्षं परिचय पुस्तिका छापून झाल्यावर त्यांच्या मनात आलं की आता वेबसाइट पाहिजे. घरात कंप्युटरवाली भाची असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं, असं मंडळाच्या सभेत एकमतानं ठरलं. सभेत मी नव्हते.

मी पांढुर्ण्यात राहते आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. कंपनीतल्या लोकांना माझं गाव वर्षातून एकदाच आठवतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीचे, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून गावं एकमेकांवर दगड मारतात त्याचे, व्हिडिओ फिरतात, तेव्हा कोणीतरी मीटिंगमध्ये विचारतं, तुम्ही पण मारता का? मी नाही म्हणते आणि पुढचा मुद्दा घेते. बाकी दिवस सारखेच. सकाळी मीटिंग, दुपारी लाइट जाते, संध्याकाळी पुन्हा मीटिंग. हे आटोपून समाजाची साइट, म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. कोणाचा फोटो आडवा दिसून राहिला, कोणाची उंची चुकली, कोणाच्या पोराचं पॅकेज वाढलं ते तातडीनं टाका. थकवा असा की कोणी सांगितलं असतं उद्यापासून कोणाचंच लग्न होणार नाही, तर मी आनंदानं झोपले असते.

साइट तशी साधी होती. प्रत्येक मुलामुलीचं एक कार्ड. फोटो, शिक्षण, नोकरी, मामेकूळ, बापाचा फोन. कुणाचं जमलं की कार्डावर हिरवी पट्टी यायची, ‘साक्षगंध झाले’. तिकडे पुण्यात ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. आणि सगळ्यात खाली माहिती बदलल्याची तारीख. ही तारीख मामांच्या हट्टापायी होती. शिळी माहिती पाहून लोक फसतात, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर परिचय मेळावा असतो. तेव्हा अमरावती-वर्ध्यापासून बैतूलपर्यंतचे सगळे आईबाप एकाच वेळी मोबाइल उघडून बसतात. पहिल्याच वर्षी साइटनं मान टाकली. मंडळानं घेतलेला सर्व्हर सगळ्यात स्वस्तातला, आणि तो बिचारा प्रत्येक बघणाऱ्यासाठी प्रत्येक कार्ड मुळापासून तयार करायचा. माहिती शोध, वय मोज, फोटो लाव, पट्टी लाव. शंभर माणसं आली तर शंभरदा तोच स्वयंपाक. मग मी पानाचे तुकडे कॅशमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवायला सुरुवात केली. वरण सकाळीच करून ठेवावं आणि पोळी तेवढी ताटात गरम टाकावी, तसं. कार्ड एकदा तयार झालं की ते तसंच्या तसं बाजूला ठेवायचं, पुढच्या माणसाला तेच वाढायचं. पानावरचं बाकीचं, म्हणजे कोण पाहतंय, त्यानं काय शोधलं, तेवढं ताजं करायचं.

यात अवघड एकच गोष्ट असते. ठेवलेलं शिळं झालं हे ओळखायचं कसं? मी ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यात, काम करते ते तारखेवरून ओळखतं. नोंदीची तारीख बदलली की जुना तुकडा बाद आणि नवा तयार. तारीख तीच असेल तर ते आत काय आहे हे पाहतसुद्धा नाही, जुनंच वाढतं. साक्षगंधाची नोंद वेगळी असली तरी मुलीच्या नोंदीला जोडलेली असते. आमच्या धंद्यात मूळ नोंदीला आईबाप म्हणतात आणि जोडलेलीला लेकरू. लेकराला काही झालं की आईबापाचीही तारीख बदलावी, अशी सोय एका शब्दात करता येते. मी ती केली होती. साइट पळायला लागली आणि मामांनी सभेत माझा सत्कार ठेवला. शाल मिळाली.

तारखेचा एक वेगळाच ताप निघाला. आमचे लोक कार्ड खालून वर वाचतात हे मला माहीत नव्हतं. मोहगावच्या एका मुलीचं साक्षगंध मोडलं. मामांनी पट्टी काढली, तारीख बदलली, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या समाजात चर्चा. काल तर जमलं होतं, आज काहून बदललं? मुलीचे वडील सौंसरला येऊन मामांपुढे नुसते बसून राहिले.

मामांनी मला फोन केला. “बाई, असं एक बटन दे की पट्टी निघाली पाहिजे अन् तारीख तीच राह्यली पाहिजे.”

“मामा, तारीख नाही बदलली तं साइटले समजणारच नाही काही बदललं म्हणून. ते जुनंच कार्ड दाखवत राहीन.”

“ते तू पाह्य. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीच्या बापाची मूठ आपण नाही झाकाव तं कोणं झाकाव?”

मग मी ते बटण करून दिलं. लेकराची नोंद पुसली जायची आणि आईबापाला पत्ता लागायचा नाही. जुनं कार्ड हटवायला दुसरं बटण दिलं, ‘ताजं करा’. ते मुद्दाम कार्डावरच ठेवलं, मामांनाच दिसेल असं. कार्ड उघडायचं, बटण दाबायचं, पट्टी गेली हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. मी हे मामांना नीट समजावलं आणि त्यांनी ते नीट पाळलं. ज्या घरचं मोडायचं त्या घरचं कार्ड ते उघडून पाहायचे, ताजं करायचे आणि मग बापाला फोन लावायचे. “झालं. कोणाले काही समजत नाही. तुम्ही जेवून घ्या.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलं आहे.

त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या मुलीचं मोडलं.

माझी ही मामेबहीण सौंसरच्याच एका बँकेत आहे. एकुलती एक, बोलायला फटकळ, पण मायाळू. तिचं साक्षगंध थाटात झालं होतं, मामा महिनाभर आधीपासून हवेत होते. होळीच्या सुमाराला त्या मुलानं तिच्याकडे मोबाइलचा पासवर्ड मागितला. नुसता मागितला नाही, रोज मागितला. ती नाही म्हणाली. मामा म्हणाले, थोडं सांभाळून घे, लग्नानंतर सगळं बसते. तिनं सांभाळून घेतलं नाही. साक्षगंधाची साडी आणि अंगठी पिशवीत घातली, एकटीच बसनं त्यांच्या गावाला गेली आणि हातात देऊन आली. संध्याकाळी घरी आल्यावर सांगितलं.  मामा उठून कंप्युटरपाशी गेले, पट्टी काढली आणि कंप्युटर बंद केला, असं मामीनं मला सांगितलं.

मला वाटलं होतं, पावसाळ्यापर्यंत दुसरं स्थळ येईल. या मुलीला पहिल्यांदा कार्डावर टाकलं तेव्हा मामांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. आता एकही वाजला नाही. ज्यांच्या मुठी मामांनी झाकल्या त्यांच्यापैकी कोणी विचारलं नाही. ज्यांची लग्नं जुळवली त्यांनी विचारलं नाही. मामा रोज सकाळी मोबाइल चार्ज करून समोर ठेवायचे.

जूनमध्ये एका लग्नात तिगावचे त्यांचे जुने मित्र भेटले. पंगतीत वाढप चालू होतं, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं ते मामांना म्हणाले, “मग गुरुजी, पोरीचं कधी?” मामा पानावरून उठले. हात न धुता बाहेर आले आणि बसस्टँडवर जाऊन बसले. त्या दिवसापासून लग्नांना जाणं बंद. मामी मला फोनवर सांगायची, “तुझे मामा बोलूनच नाही राहिले. तिच्याशी तं नाहीच. समाजानं दार लावलं म्हणतेत. पोरीनं आपल्या हातानं लावून घेतलं म्हणतेत.” आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी काय बोलणार? मी हं हं म्हणायचे आणि एका डोळ्यानं स्क्रीन पाहायचे. त्या वर्षी माझ्याकडेही कोणासाठी काही उरलं नव्हतं.

दिवाळी झाली. मेळाव्याची तयारी सुरू व्हायला हवी होती, तर मामांचा फोन आला. सचिवपद सोडतो म्हणाले. “ज्याच्या पोरीले कोणी विचारत नाही तो लोकायच्या पोरीचं काय जमवीन? तू ये, अन् नवीन माणसाले शिकवायचं काय ते लिहून दे.” आवाज इतका सपाट होता की मी रविवारी सौंसरची बस पकडली.

रस्ताभर संत्र्यांचे ट्रक भरणं चालू होतं. बसमध्ये एक बाई मला विचारत होती, तुमच्या वेबसाइटीवर माझ्या भाच्याचं टाकाल का. मी डोळे मिटून घेतले.

घरी पोचले तेव्हा मामा देवपूजेला बसले होते. बारीक झाले होते. मामी कणीक मळत होती. बहीण अंगणात खाटेवर मेथी निवडत बसली होती. मी समोरच्या खोलीत कंप्युटर सुरू केला. मामांची यादी उघडली, फक्त सचिवाला दिसणारी आणि थेट नोंदींवरून बनणारी; तिच्यात सगळं बरोबर होतं, बहिणीच्या नावापुढे काही नव्हतं. मग सहज, नवीन माणसाला लोकांना काय दिसतं तेही दाखवावं लागेल म्हणून, मी तिचं कार्ड उघडलं.

हिरवी पट्टी. ‘साक्षगंध झाले’.

मी पुन्हा उघडलं. माझ्या मोबाइलवर उघडलं. तेच. मामांनी नोंद पुसली होती, पण ‘ताजं करा’ दाबलंच नव्हतं. ते दाबायला कार्ड उघडावं लागतं, आणि त्या संध्याकाळी त्यांनी ते उघडलं नव्हतं. मामांच्या यादीत ती मोकळी होती आणि बाकी जगाला होळीच्या आधीचं कार्ड वाढलं जात होतं. मोडल्याचं लोकांच्या कानावर गेलंच असणार. मग त्यांनी मोबाइल उघडला असणार, पट्टी पाहिली असणार आणि समजले असणार की पुन्हा जुळलं. आमच्याकडे असं बापाला तोंडावर कोणी विचारत नाही, कार्ड पाहतात. कोणी दार लावलं नव्हतं. तिगावच्या त्या माणसानं लग्नाची तारीख विचारली होती, मनापासून.

मी बहिणीला हाक मारली. ती आली, ओल्या हाताच्या मनगटानं चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. तिला काहीच वाटलं नाही, ते पाहून मलाच कसंतरी झालं.

“मले माहीत आहे ताई,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पहिल्यापासूनच.”

“अन् सांगितलं काहून नाही? बापाचं काय होऊन राहिलं दिसत नाही का तुले?”

तिनं बोटाला चिकटलेलं मेथीचं पान काढलं. मग म्हणाली, “दिसते. पण बाबा सगळ्यायचे कार्ड उघडून पाह्यतेत. मोहगाववाल्याच्या पोरीचं पाह्यलं. कोणाकोणाचं पाह्यलं, अन् बापायले फोन करून जेवा म्हणे. मले वाटलं, माझंही एकदा उघडून पाह्यतीन. मी वाट पाहून राहिली होती. त्याईनं पाह्यलं असतं तं मीच म्हटलं असतं, दाबा बटन.” मग हळूच म्हणाली, “कोणी विचारायले येत नव्हतं, तेही मले बरंच होतं म्हणा. तेवढंच शांत.”

मला दोघांचाही राग आला. एका छपराखाली राहतात, एकाच कुकरचं खातात, आणि हा कंप्युटर मधे ठेवून एकमेकांची वाट पाहतात. असल्या घरात मी मात्र रविवार घालवायचा. मी माउस धरला. एक बटण दाबलं की झालं असतं, मला दुपारच्या बसनं परत जाता आलं असतं.

“तू नको दाबू,” ती म्हणाली. “तुझ्या पाया पडते.”

मी हात काढला. मामा पूजा आटोपून आले, कपाळाला गंध, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

“मामा,” मी म्हटलं, “हिचं कार्ड उघडून पाहा.”

“काहून?”

“पाहा तं एकदा.”

त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मास्तरांचं वाचणं, एक अक्षर सोडत नाहीत.

“हे तं मी काढलं होतं.”

“काढलं. ताजं नाही केलं.”

“म्हणजे लोकायले...”

“लोकांना वाटलं जमलेलं आहे. म्हणून कोणी विचारलं नाही. नाकारलं कोणीच नाही, मामा.”

मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “तो तिगाववाला,” ते म्हणाले, “मले खिजवून राहिला वाटलं. तो तं खरंच विचारत होता. मी पानावरून उठून आलो बाप्पा.” आणि ते एकदम हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. त्यांना तसं पाहवत नव्हतं. मी खिडकीकडे पाहत बसले.

मग ते तिला म्हणाले, “तुले माहीत होतं?”

“हो.”

“सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही बाबा. मले तुम्ही काहीच नाही विचारलं. साडी देऊन आली त्या दिवशी जेवली का, तेही नाही विचारलं.”

आत मामीचा पोळपाट थांबला. मामांनी माउस धरला. बाण हलत हलत ‘ताजं करा’ वर गेला आणि तिथे थांबला. इतक्या महिन्यांत त्यांनी तिला पहिल्यांदा काही विचारलं. “दाबू का?”

“ते नका दाबू,” ती म्हणाली आणि आत येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. “सरळ बदला. नोकरी बदलली, घर बदललं की तुम्ही लोकायचं बदलता ना, तसं. तारीख बदलू द्या.”

“लोक विचारतीन.”

“विचारू द्या. सांगा, पोरीनं मोडलं.”

मामांनी माउस सोडला. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी माहिती बदलायचं पान उघडलं आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. नोकरीच्या ओळीवर येऊन अडले. “तू आता कशावर आहेस?” त्यांनी विचारलं. तिला मे महिन्यात बढती मिळाली होती. तिनं सांगितलं, त्यांनी लिहिलं, एक मात्रा चुकली ती परत येऊन सुधारली, आणि जतन केलं.

बाकी कोणाला काही करावं लागलं नाही. तारीख बदलली होती, म्हणून जुना तुकडा आपोआप बाद झाला. पट्टी गेली. कार्डाखाली त्या दिवशीची तारीख आली, सगळ्या समाजाला दिसेल अशी.

मामा ते कार्ड वरून खाली वाचू लागले, मोठ्यानं, वर्गात धडा वाचावा तसं. शिक्षण वाचलं, बढती वाचली, मामेकूळ वाचलं. मग पुन्हा वर फोटोपाशी गेले. फोटोकडे पाहिलं, खुर्चीत वळले आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग परत फोटोकडे.

“यात चष्मा नाही,” ते म्हणाले. “बाई, तुले चष्मा कधी लागला?”

तिनं चष्मा काढला आणि ती रडायला लागली. मामी कणकेच्या हातांनी तशीच धावत बाहेर आली.